रिकाम्या खुर्च्यांचा कौल

समुद्रावरचं धुकं हळूहळू चौकात उतरलं होतं. शहराच्या जुन्या सनदेप्रमाणे सभेत घरटी एक खुर्ची मांडलेली, घराला कुलूप असलं तरी. रिकामी खुर्ची म्हणजे होकार. आज मताला टाकलेल्या नव्या सनदेत मात्र राहत्या घरांनाच मत होतं.

"उद्या माणसं परत आली तर बसतील कुठे?" पेरिना कडाडली. शेजारी तिच्या भावाची खुर्ची होती. तो तरुणपणीच चिलीला गेलेला.

"मावशी, आता कोण येतंय परत?" नगराध्यक्ष बार्तुल म्हणाला.

बसलेल्या सगळ्यांनी नकाराचे हात उंचावले. तरीही नवी सनद मंजूर झाली. रिकाम्या खुर्च्याच जास्त होत्या.

पेरिनाने शालीने दव पुसून भावाची खुर्ची मिटली.

"तेव्हाही असाच गेलास, मेल्या. मला न विचारता."