ताटली धुऊ नका

एलाडियोचे हात खिशात नुसते वळवळत होते. समोर जंगलातली पायवाट, मागे राजधानी सान होसेहून परीक्षा घ्यायला आलेल्या योर्लेनी मॅडम आणि डाव्या अंगाला नदी. आज त्याची पर्यटकांचा वाटाड्या होण्याची परीक्षा होती. पास झाला तर याच जंगलात राहायचं. नापास झाला तर तेलपामच्या मळ्यात घड तोडायला जायचं. तिथे नदी नावालाही नव्हती, आणि नदीवाचून हा माणूस आठवडाभर टिकणार नाही हे गावात सगळे जाणून होते.

त्याच्या आजोबांपासून सगळ्यांनी या नदीची वाळू पसरट थाळीत धुऊन सोनं काढलं. मग सरकारने जंगल राखीव केलं, सोनं काढायला बंदी आली. ज्या वाटांनी हे लोक शिपायांना चुकवून पळायचे, त्याच वाटांवर आता पर्यटक फिरू लागले. एलाडियोने सोनं सोडल्याचं सरकारला लिहून दिलं होतं. हातांनी मात्र काही लिहून दिलं नव्हतं. घरी जेवणाची ताटली धुतानाही ते ती तिरकी धरून गरागरा फिरवत, कडेवरून अंगठा ओढत. मग तो वाकून तळाशी काय उरलंय ते बघे. तळाशी भात असे.

“हात खिशात ठेवा,” निघताना बायकोने, ओदिलियाने, बजावलं होतं. “आणि काही झालं तरी नदीवर ताटली धुऊ नका. त्या बाईने पाहिलं की संपलंच. चोराला कोण वाटाड्या करतंय?” म्हणून तिने घेवडा-भात केळीच्या पानात बांधून दिला होता.

“काका, वर बघा की हो!” मॅडम वैतागल्या. “लोक पक्षी बघायला येतात. तुम्ही मघापासून त्या वळणावरची वाळू बघताय.”

“घसरायला होतं, मॅडम.”

“नदी तिकडे, पाय इकडे. घसरताय कसले? जेवण होईपर्यंत एक तरी पक्षी दाखवा. नाहीतर मळ्यावर जा.”

नदीकाठी दोघं जेवायला बसली. एलाडियोने भराभर खाल्लं, पान झुडपात टाकलं, हात पुन्हा खिशात कोंबले. पक्षी काही दिसेना. मॅडमनी पिशवीतून कडा झिजलेली पत्र्याची ताटली काढली होती. त्यांचं जेवण झालं तसा तो सवयीने म्हणाला, “आणा, मी धु—” आणि जीभ चावली.

“राहू द्या. मीच धुते.”

मॅडम पाण्यात उतरल्या. वळणाच्या आतल्या अंगाला बसल्या, अगदी तो जिथे बसला असता तिथेच. ताटली बुडवली. तिरकी केली. गरागरा फिरवली. कडेवरून अंगठा ओढला. मग वाकून तळाशी पाहिलं.

आणि थिजल्या. वळल्या नाहीत, पण कान लाल झाले.

एलाडियोने सकाळपासून पहिल्यांदाच मान वर केली.

“मॅडम, ते बघा, टूकान! त्या उंच फांदीवर. केवढी चोच!”

मॅडमनी ओले हात खिशात घातले आणि त्या रिकाम्या फांदीकडे बराच वेळ पाहिलं.

“दिसला,” त्या म्हणाल्या. “पास.”