मानेवरचा हात

नामिबियाच्या झुडपांत पिळदार शिंगांचं कुडू हरीण कोसळलं आणि टेक्सासहून शिकारीला आलेले केलर साहेब नाचायचेच बाकी राहिले. "तीनशे पावलांवरून थेट कानात! एकच गोळी!"

माग काढणारा शिकोंगो सगळ्यांच्या आधी धावत पोचला होता. नेहमीप्रमाणे त्याने कुडूचं तोंड पुसलं, जीभ आत सारली, डोकं दगडाला टेकवून सरळ केलं आणि मानेवर हात ठेवून बसला.

"अरे, एक फोटो माझ्या एकट्याचा होऊ दे की! हात काढ ना," साहेब म्हणाले.

शिकोंगोने शिकारीच्या तळाच्या मालकांकडे पाहिलं. मालक, खांद्याला बंदूक अडकवून, आभाळातली घार बघत होते.

"साहेब, जनावराचा आत्मा जाईपर्यंत आमच्यात हात उचलत नाहीत."

साहेबांचे डोळे पाणावले. संध्याकाळी शेकोटीपाशी बसून त्यांनी तो फोटो जगभर पाठवला. 'आफ्रिकेची हृदयस्पर्शी प्रथा'. खाली चारशे बदाम पडले.



हाताखाली मालकांच्या गोळीचं भोक होतं, साहेबांच्या गोळीबरोबरच सुटलेल्या. साहेबांनी कुडूचा नुसता कान टोचला होता.