साडेपाचशे ग्रॅम गॅस

“म्हणजे गेजकडे बघून गॅस भरायचा नाही?” टेबलामागच्या चष्मेवाल्याने विचारलं.

“नाही साहेब. वजन करून भरायचा.” मिस्त्रीने रुमालाने मान पुसली. बॉनेटखाली लेबल असतं. त्यावर साडेपाचशे ग्रॅम म्हटलं असेल तर साडेपाचशेच, हे त्याने समजावलं. जास्त गॅसने एसी जास्त गार होतो असं ज्याला वाटतं, त्याने चहात सात चमचे साखर घालून बघावी.

चष्मेवाला हसला नाही. त्याने लिहून घेतलं.

मिस्त्री ऑफिसात आला तेव्हा तो असाच कागद पुढ्यात घेऊन बसलेला होता. ‘बसा’ म्हणाला, मिस्त्री समोर बसला, आणि तेव्हापासून प्रश्न चालले होते.

या गॅरेजात नोकरीची जागा एकच होती. जुनं गॅरेज बंद पडल्यापासून आठ महिने मिस्त्री बायको-मुलींसह मेहुण्याकडे राहत होता. मेहुण्याकडे पाहुणा आठ दिवस शोभतो. पुढे घरातलं मांजरही त्याला ओलांडून जातं. त्यात आधीच्या तीन मुलाखतींत त्याची बोबडी वळलेली. हाताला येई ते तोंडाला येत नसे. आज बायको दारापर्यंत आली होती.

“विचारतील ते सांगा, नाही विचारणार तेही सांगा. या खेपेला मूग गिळून बसलात, तर दादाला मी काय तोंड दाखवू?”

म्हणून तो बोलत होता. एका बाजूचा दाब तीस-चाळीस पौंड, दुसऱ्या बाजूचा दोनशेच्या वर. गॅसआधी पाऊण तास व्हॅक्यूम. जाळीतून हवा सहा-सात अंशांची यायला हवी. घशाला कोरड पडली, पण साहेबांकडे पाणी मागायचं कसं?

“आणि नवा कॉम्प्रेसर बसवूनही गाडी गार होत नसेल तर?”

मिस्त्री अडखळला. ही खुबी त्याच्या वस्तादाने त्याला फार उशिरा दिली होती; तो ती कुणाला देत नसे. पण पर्याय होता कुठे?

“जुन्यातलं तेल मापायचं, साहेब. नव्यातही तेवढंच ठेवायचं, वरचं काढून टाकायचं. तेल जास्त झालं की थंडावा मेला. भलेभले इथेच आपटतात.”

चष्मेवाल्याने तेही उतरवलं आणि खाली रेघ ओढली. फार छान समजावता, म्हणाला. मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात मागचं दार ढकलून एक जाडगेले गृहस्थ घामाने निथळत आत आले. वाटेत गाडीच बंद पडली, तासभर खोळंबा झाला, असं पुटपुटत त्यांनी टेबलावर किल्ल्या टाकल्या आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

“मी मालक. मुलाखतीला आधी कोण आलंय?”

चष्मेवाल्याने कागदाची घडी खिशात घातली आणि अदबीने उभा राहिला.

“मी, साहेब.”