हात मांडीवर

परीक्षेच्या हॉलमध्ये कॉम्प्युटरची स्क्रीन काळी झाली तेव्हा सिस्टर कागदावर औषधाच्या डोसचं लांबलचक गणित सोडवत होत्या. उत्तर काढून त्यांनी मान वर केली, तर समोर काहीच नाही. प्रश्न नाहीत, दिलेली उत्तरं नाहीत, कोपऱ्यातलं घड्याळ नाही. काळ्या काचेत फक्त त्यांचाच चेहरा, पांढराफटक पडलेला.

वॉर्डात पलंगाशेजारची स्क्रीन काळी होते ती सगळं संपल्यावर, नर्स स्वतः बंद करते तेव्हा. सिस्टरांनी अशा कितीतरी बंद केल्या होत्या.

काय केलं मी? कुठे हात लागला?

सराव परीक्षेत त्यांचा अंगठा कुठल्यातरी बटणावर पडला होता आणि अख्खा पेपर गडप झाला होता. विद्यापीठाचे कॉम्प्युटरचे सर तेव्हा सगळ्यांदेखत ओरडले होते, "सिस्टर, कळत नसेल तर कशालाही हात लावू नका. हात मांडीवर!" वर्गात सगळ्या नर्सच, पन्नाशीला टेकलेल्या. त्या हसल्या. सिस्टरही हसल्या, न हसून सांगतात कुणाला. महिनाभराच्या शिकवणीतलं बाकी काही राहिलं की नाही कोण जाणे, पण एवढं वाक्य वर्गाला पाठ झालं.

आता त्यांचे हात मांडीवरच होते. रडणाऱ्या बाळाची शीर पहिल्या खेपेला शोधणारे हात.

त्यांनी एक हात कसाबसा वर केला. पर्यवेक्षक बाई आल्या.

"मॅडम, हे बघा ना, अचानक..."

"पेपर चालू असताना मदत मिळणार नाही. शांत बसा."

बाई गेल्यासुद्धा.

नोकरी टिकवायला सक्तीच्या केलेल्या या परीक्षेची ही तिसरी आणि शेवटची संधी. नापास झाल्या तर वॉर्ड सुटणार होता. सकाळी मुलगी फोनवर म्हणाली होती, "आई, ते मशीन काय चावतं का तुला?" चावलं असतं तर परवडलं असतं. चावल्यावर काय करायचं ते सिस्टरांना माहीत होतं.

हॉल फार शांत होता. इतक्या जणी पेपर सोडवताहेत आणि बटणांचा आवाज कसा नाही, हे भीतीच्या भरात त्यांच्या ध्यानात आलं नाही. वेळ जात होता. किती गेला तेही दिसत नव्हतं. उठून पळून जावं असं त्यांना वाटलं.

आणि मग हातांनी त्यांना विचारलं नाही. त्यांनी स्क्रीन दोन्ही कडांनी धरली आणि गदागदा हलवली.

"बाबा! अहो बाबा, डोळे उघडा! ऐकू येतंय का?"

टेबल हाललं, माऊस घसरला, आणि काचेवर उजेड आला. प्रश्न तिथेच होता. आधीची सगळी उत्तरं जागच्या जागी होती. कोपऱ्यात अजून अठरा मिनिटं शिल्लक होती.

पर्यवेक्षक बाई धावत आल्या. "हे काय चालवलंय? आता एक शब्द काढलात तर पेपर रद्द करीन!"

सिस्टरांनी मान डोलावली, डोळे पुसले आणि माऊस हातात धरला. उत्तराचा पहिला आकडा टाकताना त्यांची नजर शेजारी गेली.

शेजारच्या टेबलावर बालविभागातली नर्स बसली होती. तिची स्क्रीन काळी होती. हात मांडीवर होते आणि त्यांच्यावर टपटप आसवं गळत होती. तिच्या पलीकडची स्क्रीनही काळी होती. समोरची पूर्ण रांग काळी. सगळ्यांचे हात मांडीवर.

पर्यवेक्षक बाई अजून डोक्याशीच उभ्या होत्या. सिस्टरांनी कोपऱ्यातल्या घड्याळाकडे पाहिलं, आपल्या उत्तरांकडे पाहिलं.

मग त्या खुर्ची मागे सारून उभ्या राहिल्या.

"अगं बायांनो, मेला नाहीये तो! खांदा हलवा!"