शेजारचा बाक

सिंगापुरात व्हेपला, म्हणजे ई-सिगारेटला, बंदी. त्यामुळे व्हेप सोडू पाहणाऱ्यांच्या त्या ऑनलाइन ग्रुपमध्ये खरं नाव कोणीच सांगत नसे. श्रीनिवास तिथे 'बोका' होता. बायकोलाही न सांगितलेलं सगळं तो वर्षभर 'चिंच'ला सांगत आला होता. आज दोघं पहिल्यांदा भेटणार होते, बिशानच्या पार्कमध्ये, तळ्याजवळच्या बाकांपाशी.

तो पोचला तर एका बाकावर मराठी मंडळाच्या नीलिमाताई.

"अरे, तू इकडे कुठे?"

"वॉकला. तुम्ही?"

"मीपण वॉकलाच."

तो शेजारच्या बाकावर बसला. गणपतीच्या हॉलचं, मोदकांच्या ऑर्डरचं बोलून झालं. मग दोघंही आपापल्या फोनमध्ये बघत राहिले.

त्याचा फोन टिंग वाजला. चिंचचा मेसेज होता. "मी आलेय, पण शेजारी ओळखीचा माणूस बसलाय. तो गेला की हात हलवते."

श्रीनिवासनं मान वर केली नाही. जरा वेळानं उठला. "निघतो ताई, आरतीला भेटूच."

स्टेशनवर पोचल्यावर त्यानं लिहिलं, "सॉरी, मला आज यायला जमलंच नाही."

लगेच उत्तर आलं, "थँक्यू, श्रीनिवास."