सरायवालीचा प्रश्न

टोकियोत ओतेमाचीला गाडी थांबली तसा नचिकेत दाराकडे सरकला. "येतो, रविकांतदादा."

"ये. आणि जरा हस की! बँकेचा सगळा भार तुझ्याच डोक्यावर असल्यासारखा चेहरा कशाला?" रविकांत म्हणाला. त्याचं स्टेशन पुढचं होतं.

नचिकेत खाली बघूनच हसला. रविकांतच्या नजरेला नजर देणं तो टाळायचा. त्यामुळे रविकांतचे बूट मात्र त्याला पाठ झाले होते. काळे, चकचकीत, आणि डाव्या बुटाची नाडी तपकिरी. एवढा टापटिपीचा माणूस, पण कामातून नाडी घ्यायलाही सवड नाही.

गाडी गेली. नचिकेतनं मागे वळून पाहिलं, ओळखीचं कुणी नव्हतं. मग ऑफिसकडे जाणारा जिना सोडून तो इकेबुकुरोच्या गाडीकडे निघाला.

मंदीत बँकेचा प्रोजेक्ट बंद झाला, तेव्हा सगळ्यात आधी कंत्राटावरची माणसं गेली. नचिकेत त्यांतलाच. त्याच्या बायकोला, तेजश्रीला, सातवा महिना लागलेला. नवी नोकरी मिळाली की मगच सांगू, असं त्यानं ठरवलं आणि रोज टाय लावून, डबा घेऊन बाहेर पडू लागला. भीती होती ती वरच्या मजल्यावरच्या रविकांतची. त्याची बायको नयना म्हणजे तेजश्रीची जिवाभावाची मैत्रीण. त्यांच्या निशी-कसाईच्या मराठी वस्तीत कुणी शिंकलं की पुण्यात रुमाल निघतो. तेजश्रीला हे तिसऱ्याच्या तोंडून कळलं तर ती आपल्याला कधी माफ करणार नाही, हे नचिकेतला पक्कं ठाऊक होतं.

गंमत म्हणजे लपायची जागा रविकांतनंच दाखवली होती. "इकेबुकुरोला एक मांगा कॅफे आहे म्हणे," तो एकदा गाडीत म्हणाला होता. "नोकरी गेलेले जपानी सूट घालून दिवसभर तिथे बसतात. घरी पत्ताच नाही!" आणि मोठ्यानं हसला होता. जो अशा जागेला हसतो तो तिथे पाय ठेवणार नाही, हा नचिकेतचा हिशेब.

कॅफेत चित्रकथा वाचायला नि कॉम्प्युटरवर खेळायला पार्टिशन घालून छोटे छोटे कप्पे केले होते. बूट कप्प्याच्या दाराबाहेर काढायचे, ही तिथली रीत. नचिकेत मात्र आपले बूट पिशवीत घालून गुपचूप आत घ्यायचा. न जाणो, कुणी ओळखले तर!

सकाळचे अर्ज पाठवून झाले की हात रिकामे आणि डोकं सैरभैर. म्हणून त्यानं एक खेळ हाती घेतला होता. घोड्यावर बसून डोंगरदऱ्यांतून हवं तिकडे भटकायचं, राक्षस मारायचे, गावं शोधायची. खेळ सुंदर, पण अर्धाकच्चा. अशा खेळांत चाहते आपापली भर घालून ती सगळ्यांना फुकट देतात, तिला मॉड म्हणतात. नचिकेतनं घाटमाथ्यावर एक सराय बांधली. दार उघडलं की घंटी वाजायची. ती त्यानं घरच्या देवघरातली रेकॉर्ड केली होती, जराशी चिरकी. आत सरायवाली हसून इंग्रजीत विचारायची, "कसा गेला दिवस?" तेजश्री रोज विचारायची, तस्संच.

त्या मॉडला एक भक्त लाभला होता. नाव ग्रेहॉर्स. पुलावर घोड्याचे पाय रुततात, विहिरीला सावली नाही, असं काय काय तो इंग्रजीत बारकाईनं कळवायचा. त्याचे निरोप टोकियोच्या ऐन दुपारी यायचे. अमेरिकेतला कुणी रात्र जागवणारा असणार, असं नचिकेतला वाटे. शनिवार-रविवारी मात्र तो गप्प असायचा.

आज त्याचा निरोप वेगळाच होता. "सगळं उत्तम. फक्त सरायवालीचा तो प्रश्न काढून टाका."

"का?" नचिकेतनं विचारलं.

उत्तर आलं, "ती इतक्या मायेनं विचारते, की उत्तर देववत नाही."

कुणीतरी आपल्या घरात डोकावून गेलंय असं नचिकेतला वाटलं. त्यानं वाद घातला नाही. तेवढं वाक्य पुसलं आणि सुधारलेला मॉड नेटवर चढवला.

तेवढ्यात खिशात फोन थरथरला. तेजश्री. त्यानं कानावरचे हेडफोन ओढून काढले.

"मीटिंगमध्ये आहेस का रे?"

"हो... बोल, लवकर बोल."

"अरे, मी आणि नयनावहिनी इकेबुकुरोला आलोय, बाळाचे कपडे बघायला. ओतेमाची इथून एका गाडीवर आहे म्हणे. येऊ का तुझ्या ऑफिसपाशी? एकत्र जेवू."

"नको! म्हणजे... साहेब बरोबर आहेत. जपान्यांना नाही चालत असं."

"बरं बाई, राहिलं," ती हिरमुसली. "वहिनी रविकांतदादांना विचारतायत. थांब, लागला वाटतं फोन."

फोन बंद झाला. आणि शेजारच्या कप्प्यात काहीतरी थरथरू लागलं. कुणाची तरी घाईनं धडपड झाली, हेडफोनची वायर हिसकली गेली असावी, कारण पलीकडच्या खेळाचा आवाज एकदम उघडा पडला.

दार करकरलं. घंटी वाजली. जराशी चिरकी, त्याच्याच देवघरातली.

आवाज लगेच दाबला गेला. नचिकेतनं हळूच दार सरकवून बाहेर डोकं काढलं.

शेजारच्या दाराशी काळे, चकचकीत बूट नीट जोडून ठेवले होते. डाव्या बुटाची नाडी तपकिरी होती.