शैलाचं उत्तर

"आई, माझ्याबरोबर नाशिकला येतेस?" मृणालने विचारलं आणि अच्युतरावांच्या ओठांवर उत्तर आलंसुद्धा. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांच्या बायकोचे, शैलाचे शब्द गुंतायचे. ते फक्त अच्युतरावांनाच कळत. त्यामुळे तिला कुणी काही विचारलं, की तेच बोलून मोकळे व्हायचे. "तिला चहा नको." "तिला गर्दी सोसत नाही."

सकाळीच मृणाल त्यांना म्हणाली होती, "बाबा, तिला एकदा तरी स्वतः बोलू द्या." म्हणून 'ती इथंच बरी आहे' हे वाक्य त्यांनी गिळलं आणि खुर्चीचा हात घट्ट धरला.

शैलाचं तोंड उघडलं, मिटलं. गळ्याच्या शिरा ताणल्या. अच्युतरावांना बघवेना. आपण बोललो तर तिचे हाल थांबतील, असं सारखं वाटत होतं. तरी त्यांनी खुर्चीचा हात सोडला नाही. शेवटी काही घोगरे, तुटके आवाज बाहेर पडले. मग शैलाने तेच पुन्हा उच्चारलं, या वेळी थेट त्यांच्याकडे बघत.

मृणालला काहीच उमगलं नाही. "बाबा, काय म्हणतेय ती?"

अच्युतरावांना शब्द न् शब्द कळला होता. 'नाही म्हणतेय' एवढं सांगितलं असतं, तरी मृणालने विश्वास ठेवला असता. शैलाही हे जाणून होती. तिची नजर त्यांच्यावरून हलत नव्हती.

"येते म्हणतेय," ते म्हणाले. मग घसा खाकरून त्यांनी उरलेलंही सांगितलं, "आजच निघू या म्हणतेय."